पांडुरंगाचा हिस्सा आणि कार्डाचं व्याज

भांडुपहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाल्या आहेत, त्यामुळे ते छापत नाही. पत्राचा गाभा असा :

‘माझे मिस्टर माळकरी. खासगी कंपनीत आहेत, रजा मिळेल तशी शेवटचे चार दिवस वारी करतात. यंदाही तसेच चालत गेले, परत आले आणि त्याच रात्री देव्हाऱ्यासमोर आम्हा सगळ्यांना बसवून म्हणाले, “आजपासून या घरात नवं कर्ज नाही. पांडुरंगाच्या साक्षीनं हिशोब ठेवायचा.” दोन्ही क्रेडिट कार्डं कात्रीनं कापली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण त्याच बैठकीत त्यांनी ठरवलं, की घरात येणाऱ्या पैशातला दहावा भाग आधी काढून ठेवायचा, दिंडीसाठी आणि अन्नदानासाठी. त्यांचे ५८ हजार हातात येतात, माझ्या शिकवण्यांचे १४. म्हणजे दरमहा ७,२०० रुपये. सासूबाई म्हणाल्या, देवाचं आधी दिलं की बाकीचं तो बघतो, तुकोबांनी तर कर्जाचे कागदच इंद्रायणीत बुडवले. मी काही बोलले तर माझी श्रद्धा कमी, असं होतं. हिस्सा कमी करा म्हणणं पाप आहे का?’

पुढे आकडे दिले आहेत, आणि नीट दिले आहेत. घराचा हप्ता १९,४००. पर्सनल लोनचा ११,२००, त्याचे अजून चार लाख दहा हजार बाकी. दोन कार्डांवर मिळून २,०८,००० : एकावर १,४६,०००, दुसऱ्यावर ६२,०००. त्यात सासऱ्यांचं हॉस्पिटल आहे, मुलीची कॉलेजची ॲडमिशन आहे आणि गेल्या वर्षी दिंडीला दिलेल्या पंगतीचे ३५ हजारही आहेत. पाटल्या गहाण ठेवून घेतलेलं ९० हजारांचं सोनेतारण कर्ज वेगळं. जमेच्या बाजूला १,२०,००० ची एफडी (सासूबाईंच्या शब्दांत ‘नातीच्या लग्नाची’), थोडं पीपीएफ, आणि मिस्टरांच्या कंपनीतल्या पतपेढीचं सभासदत्व. शिवाय भजनी मंडळातल्या एका गृहस्थांनी ‘फक्त आपल्या माळकऱ्यांसाठी’ म्हणून महिना चार टक्के देणारी योजना सुचवली आहे. त्यातून कार्डं फिटतील, असं मिस्टरांना वाटतंय.

आणि अगदी शेवटी, ता. क. म्हणून दोन ओळी : ‘मधल्या दोन महिन्यांत घरखर्चाला पुरेना, म्हणून मी मोबाईलवरच्या एका ॲपवरून १८,००० घेतलेत. घरी कुणाला ठाऊक नाही.’

ताई, पाप-पुण्याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. मी आयुष्य काढलं ते पतपेढीच्या कर्जखात्याच्या टेबलावर. पण तिथे बसून माळकरीही पुष्कळ पाहिले आणि माळ न घालणारेही, तेव्हा आकड्यांपासून सुरुवात करते आणि देवाकडे मग वळते.

तुमच्या घरात येतात ७२,०००. घराचा हप्ता, पर्सनल लोन, कार्डांना तुम्ही भरता ते १०,४०० आणि सोन्यावरच्या कर्जाचं व्याज ९००. हे सगळं गेलं की उरतात ३०,१००. त्यातून ७,२०० पांडुरंगाचे काढले की राहतात २२,९००. पाच माणसं, दोन शिकणारी मुलं, सासूबाईंची औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स, लाईटबिल, लोकलचे पास. भांडुपमध्ये २२,९०० मध्ये हे बसत नाही. बसलं असतं तर तुम्ही ॲप उघडलंच नसतं. आषाढीपासूनच्या दोन महिन्यांत १४,४०० रुपये घरातून अन्नदानाला गेले आणि १८,००० ॲपवरून घरात आले. मिस्टरांना वाटतंय, आपण पगारातून देतोय. प्रत्यक्षात ते अन्नदान तुमच्या नावावरच्या कर्जातून चाललं आहे, आणि हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही.

आता कार्डाकडे बघा. कार्डावरचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, थोडं इकडे-तिकडे. तुमच्या २,०८,००० वर ते ७,२८० होतं. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे सगळे मिळून जवळजवळ ८,५९०. तुम्ही ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे भरायलाच हवी ती किमान रक्कम, म्हणून १०,४०० भरता, त्यातले जेमतेम १,८०० मुद्दलात जातात. म्हणजे दरमहा विठोबाला ७,२०० आणि कार्डवाल्या बँकेला ८,५९०. घरातला मोठा हिस्सा कुणाला जातोय, हे मिस्टरांना विचारायला हरकत नाही. हा टोमणा म्हणून नको. कागदावर दोन आकडे एकाखाली एक लिहा आणि कागद त्यांच्यापुढे सरकवा. माणूस बोललेल्यावर चिडतो, स्वतः वाचलेल्यावर तेवढा चिडत नाही.

कार्डं कापली ते चांगलंच झालं. पण कात्रीनं प्लॅस्टिक कापलं जातं, खातं नाही. किराण्याच्या आणि जेवणाच्या ॲपमध्ये त्या कार्डांचे नंबर सेव्ह असतील तर खरेदी चालूच राहते, आणि थकबाकी असलेल्या कार्डावर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. घेतलेल्या दिवसापासून व्याज. ते नंबर आज काढून टाका. मुलाच्या फोनमधलेही. (मुलगा नववीत आहे म्हणालात. त्याच्या फोनमध्ये तर नक्कीच असणार.)

आता तुकोबा. सासूबाई म्हणतात ती कथा खरीच सांगितली जाते आणि मला ती फार आवडते, पण ती शेवटपर्यंत सांगायला हवी. देहूच्या त्या घरात महाजनकी होती, देण्याघेण्याचा व्यवहार होता. इंद्रायणीत बुडवले ते कागद लोक तुकोबांना देणं लागत होते त्याचे होते. स्वतः ज्यांचं देणं लागत होते त्यांचे कागद त्यांनी बुडवले, असं कुणी सांगत नाही. सावकारानं वही बुडवली तर तो त्याग. कर्जदारानं बुडवली तर त्याला आमच्या टेबलावर दुसरा शब्द आहे. आणि त्या कथेतला पुढचा भाग कीर्तनातही कधीकधी घाईत जातो : तुकोबांनी आधी कागदांचे दोन वाटे केले. निम्मे धाकट्या भावाला, कान्होबाला दिले, आणि नदीत सोडले ते फक्त आपल्या वाट्याचे. घरातल्या दुसऱ्या माणसाचा हिस्सा त्यांनी आपल्या वैराग्यात ओढला नाही. तुमच्या ७,२०० मध्ये १,४०० तुमच्या शिकवण्यांचे आहेत, ताई. शिवाय उरलेल्या ५,८०० मध्ये मुलांच्या ताटातलं काय आहे आणि मिस्टरांच्या स्वतःच्या वाट्याचं काय, हा प्रश्न राहतोच. ही कथा सासूबाईंनाच पुन्हा सांगायला लावा आणि वाटणीच्या ठिकाणी त्यांना जरा थांबवा.

दहावा हिस्सा कुठून आला, हेही मिस्टरांना मोकळेपणानं विचारा. माळ घालताना जे नेम सांगतात त्यात एकादशी आहे, हरिपाठ आहे, वारी आहे, मांस-मद्य वर्ज्य आहे. उत्पन्नाचा दहावा भाग त्यात मी तरी कधी ऐकला नाही. ख्रिस्ती मंडळींत दशमांश आहे, शिखांत दसवंद आहे. मुसलमानांची जकात अडीच टक्के, आणि तीही सर्वसाधारणपणे देणी वजा जाता उरलेल्या शिल्लक मालमत्तेवर. हे सगळे मार्ग आदराचेच आहेत. पण दुसऱ्याच्या घरातला नियम आपल्या देव्हाऱ्यात आणून ठेवायचा, आणि जकातीतली ‘देणी वजा जाता’ ही अट मात्र तिकडेच सोडून यायचं, हे काही बरोबर नाही. तेव्हा तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर : हिस्सा कमी करा म्हणण्यात पाप नाही. ज्याचे पैसे परत करायचे आहेत त्याचे ते आहेत, आणि दुसऱ्याचं उचलून केलेलं दान देवाच्या खात्यात कसं जमा होईल, हे मला तरी समजत नाही.

पण हिस्सा शून्य करू नका. हे मी हिशोबापलीकडे जाऊन सांगते आहे. तुमच्या घरात शिस्त आली ती बँकेच्या नोटिसांनी नाही, वारीनं आणली. त्या माणसाच्या हातातून दान देणं पूर्ण काढून घेतलंत तर घरातली हिशोबाची वही चार दिवसांत बंद पडेल. महिन्याला पाचशे एक रुपये ठेवा, रोख, देव्हाऱ्यातल्या डबीत. बाकीची सेवा अंगानं करू द्या : पंगतीत वाढणं, भाजी चिरणं, भांडी. पंगतीत पैसे देणारे पुष्कळ भेटतात, भांडी घासणारे कमी पडतात, हे कुठल्याही दिंडीवाल्याला विचारा. बोनस आला आणि कार्डं शून्यावर आली, की तेव्हा पुन्हा बसून आकडा वाढवा.

आता मार्ग. यात सासूबाईंना न आवडणारी एक गोष्ट आहे, ती आधीच सांगते : एफडी मोडा.

१,२०,००० ची एफडी पावणेसात टक्क्यांनी वर्षाला ८,१०० रुपये कमावते. तुमची कार्डं ८,५९० रुपये एका महिन्यात खातात. मुदतीआधी मोडल्यावर बँक व्याज थोडं कापेल, कापू दे. त्या पैशातून आधी ॲपचे १८,००० फेडा (त्यांचे चार्जेस धरून कदाचित थोडे जास्त). मग ६२,००० चं छोटं कार्ड पूर्ण फेडून टाका. ३०,००० घरातल्या साध्या बचत खात्यात वेगळे ठेवा, कारण पहिल्याच आजारपणात पुन्हा ॲप उघडायची वेळ यायला नको. उरलेले दहा हजार मोठ्या कार्डावर. मोठ्या कार्डाचे राहिले १,३६,०००.

यासाठी मिस्टरांच्या पतपेढीत अर्ज करा. पगारदारांच्या पतपेढीचा दर कार्डाच्या जवळपासही नसतो. तुम्ही तिथला दर अकरा टक्के लिहिला आहे, तो धरला तर १,३६,००० दोन वर्षांत फेडायला महिना ६,३४० च्या आसपास हप्ता बसतो. आज १०,४०० भरूनही जे संपत नाही ते ६,३४० भरून दोन वर्षांत संपेल. मिस्टर म्हणतील, ‘नवं कर्ज घ्यायचं नाही अशी शपथ आहे.’ त्यांना सांगा, देणं वाढत नाही, फक्त वर्षाला बेचाळीस टक्क्यांच्या दारातून अकरा टक्क्यांच्या दारात जातं. खरी अडचण शपथेची नसेलही. पतपेढीला दोन सहकाऱ्यांचा जामीन लागतो, म्हणजे ऑफिसात दोघांना कळणार. मी पाहिलेल्या पुष्कळ नवऱ्यांनी महिना साडेतीन टक्के व्याज सोसलं ते याच एका कारणानं. हे त्यांच्या तोंडून येऊ द्या. तुम्ही बोलून दाखवू नका.

मग दोन्ही कार्डं रीतसर बंद करा. बाकी शून्य झाल्यावर बंद करण्याचा अर्ज दिला, की बँकेनं सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. उशीर केला तर बँकेनं तुम्हाला दिवसाला पाचशे रुपये दंड द्यायचा. अर्ज ईमेलनं द्या म्हणजे तारीख राहते. ‘नो ड्यूज’चं, म्हणजे काही बाकी नाही असं, पत्र मागून घ्या. मध्येच कुणी फोन करून ‘मॅडम, सेटलमेंट करून टाका, निम्म्यात संपवू’ म्हणालं तर भुलू नका. क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, ‘सेटल्ड’ असा शेरा पडला की पुढे मुलीच्या शिक्षणकर्जाला तो आडवा येतो. हा रिपोर्ट वर्षातून एकदा अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो, तोही काढा, दोघांचाही. न काढलेलं कर्ज आपल्या नावावर दिसण्याचे प्रकार होतात.

पाटल्यांचं सोनेतारण तसंच ठेवा, फक्त व्याज महिन्याच्या महिन्याला भरा म्हणजे लिलावाच्या नोटिसीपर्यंत जायचं नाही. दिवाळीचा बोनस आला की तो त्यात. पीपीएफला इतक्यात हात लावू नका; पतपेढीनं कर्ज नाकारलं तरच त्यातून काही रक्कम काढता येईल का ते पाहा. पर्सनल लोन आहे तसं चालू द्या. ते आधी बंद करायला बहुधा दंड लागतो, आणि त्याचा दर कार्डाच्या तिसऱ्या हिश्शाचा आहे.

हे सगळं झालं की हप्ते आणि व्याज मिळून ३७,८४० जातील आणि घरात ३४,१६० उरतील. आजच्यापेक्षा महिन्याला अकरा हजार जास्त. त्यात दुसरं काही शिरू देऊ नका.

मंडळातल्या त्या गृहस्थांच्या योजनेबद्दल मी फार लिहीत नाही, कारण फार लिहिण्यासारखं नाही. महिना चार टक्के म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस. एवढं सरळ धंद्यातून कुणी देत नाही. मागून येणाऱ्याचे पैसे पुढच्याला दिले जातात आणि मागून यायचं थांबलं की संपलं. २०२५ च्या जानेवारीत दादरला एका दागिन्यांच्या दुकानाबाहेर पैसे अडकलेल्यांची जी गर्दी झाली होती, तिच्यातही कुणी ना कुणी आपल्या ओळखीच्या माणसाच्याच शब्दावर पैसे घातलेले होते. नोंदणी नसलेल्या अशा ठेवी घेण्यावर २०१९ पासून केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे. माळ म्हणजे लायसन नव्हे. मिस्टरांनी त्या गृहस्थांकडे नोंदणीचा कागद मागावा, एवढंच पुरे. कागदाऐवजी ‘माऊली, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का’ असं उत्तर आलं, तर उत्तर मिळालं.

आणि ‘पांडुरंग बघेल’ म्हणून विमा नको, हेही तुम्ही ओझरतं लिहिलंय. सरकारी योजनेत बचत खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापून दोन लाखांचा जीवन विमा मिळतो आणि २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा. पहिल्याला वयाची अट अठरा ते पन्नास आहे, मिस्टर सेहेचाळीसचे आहेत. बँकेत एक फॉर्म, दोघांचाही. हे पुरेसं नाही, पण कार्डं फिटेपर्यंत निदान एवढं असू द्या.

आता ता. क. खरं तर पत्रातलं सगळ्यात अवघड तेच आहे, आणि तुम्ही ते सगळ्यात शेवटी लिहिलंत.

देव्हाऱ्यासमोर हिशोबाची वही उघडली जाते आणि तिच्यात अठरा हजार नाहीत. मिस्टर रोज त्या वहीला हात लावून नमस्कार करतात म्हणालात. जितके दिवस हे लांबेल, तितकं ते अठरा हजारांचं न राहता ‘मला फसवलं’ असं होईल. तुम्ही ते पैसे उधळले नाहीत. किराणा आणि मुलाच्या क्लासची फी भरलीत. पण मुंबईच्या घरात नवरा-बायकोनं बोलायचं कुठे? स्वयंपाकघरात सासूबाई, बाहेर मुलं, गच्चीला कुलूप. तेव्हा एका सकाळी त्यांच्यासोबत स्टेशनपर्यंत चालत जा. सासूबाईंसमोर नको, एकादशीला घरात हिशोबाची बैठक बसते तिच्यात तर मुळीच नको. वाटेत सरळ सांगा : ‘वहीत एक रक्कम लिहायची राहिली आहे. क्लासची फी आणि वाणसामान यांना पैसे कमी पडले म्हणून मी ॲपवरून अठरा हजार घेतले. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. एफडीतून आधी हे फेडू या.’ ‘तुमच्या दहाव्या हिश्शामुळे’ हे शब्द त्यात घालू नका. ते स्वतःच बेरीज करतील. पहिल्या दिवशी चिडतील, गाडीत दोन डबे पुढे जाऊन चढतील. संध्याकाळी परत येतात.

तोवर त्या ॲपचं नाव रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवरच्या यादीत तपासा. कर्ज देणारी बँक किंवा वित्त कंपनी कोण, हे कराराच्या कागदावर असायला हवं. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला परवानगी नाही. कॉन्टॅक्टमधल्या लोकांना फोन करू, फोटो पाठवू, असल्या धमक्या आल्या तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार द्या. अशा वेळी घाबरून दुसऱ्या ॲपवरून पैसे घेऊन पहिल्याला भरायचे नाहीत. फेडल्यावर पावती घ्या, मगच ॲप काढा. आधी काढलंत तर पुरावाही जातो.

बैठकीचं म्हणाल तर महिन्यातल्या दोन एकादशा ठीकच आहेत. घरात त्या दिवशी सगळ्यांना आठवण असतेच, वेगळा गजर लावायला नको. चातुर्मास चालू आहे. लोक वांगी सोडतात, कांदा-लसूण सोडतात, तुम्ही कार्तिकीपर्यंत उधारी सोडा. नेम छोटा आणि मुदतीचा असला की पाळला जातो. (उपासाचा खर्चही वहीत लिहा. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे, वेफर्स, राजगिऱ्याचे लाडू. एकादशी डाळभातापेक्षा महाग पडते, हे मुलांना तेव्हाच कळेल.) पुढच्या आषाढीला रजा आणि पैसे नाही जमले तर वडाळ्याचं विठ्ठलमंदिर आहेच. पंढरपूरला जाता न येणारी निम्मी मुंबई तिथेच रांगेत उभी असते.

वही मात्र मिस्टरांच्या हातात ठेवू नका, तुमच्याही नको. सासूबाईंना द्या. तुम्ही लिहिलंय, की सासरे गिरणीत होते आणि १९८२ च्या संपात सासूबाईंनी लालबागच्या खोलीत खानावळ चालवून घर ओढलं. अहो, मग तुमच्या घरात हिशोबातलं खरं माणूस ते आहे! संपात पगार बंद असताना वाण्याची उधारी कशी थोपवायची, तांदूळ किती दिवस पुरवायचा, हे ज्या बाईला ठाऊक, तिला तुम्ही फक्त पुण्याच्या बाजूला बसवून ठेवलंय. दूध, भाजी, किराणा त्यांनी लिहावं. एफडी मोडायला त्या आधी विरोध करतील. पण एकदा कार्डाचं बारा महिन्यांचं व्याज त्यांच्याच हातानं वहीत लिहू द्या : एक लाखावर जातं. संपातही त्यांनी कुणाला एवढं दिलं नसेल.

तुम्ही विचारलंय, मुलीला या बैठकीत बसवावं का. एकोणीस वर्षांची आहे, बसवा. फोनवरची स्टेटमेंटं तिला तुमच्यापेक्षा लवकर वाचता येतील, बंद करण्याचे ईमेलही तीच लिहील. तिच्या कॉलेजच्या फीचा आकडा वहीत जरूर लिहा. फक्त तो लिहिताना कुणी उसासा टाकायचा नाही, आजीनंसुद्धा.